मागाहून जेवणारी

अरेरा कॉलोनीतील कोणत्याही मराठी घरात रात्री साडेनऊच्या सुमारास डोकावले, तर बहुधा एकच दृश्य दृष्टीस पडते. मुलांची जेवणे झालेली असतात. घरधनी हात धुऊन बातम्यांपुढे बसलेले असतात. आजींचा वाटीभर दूधभात केव्हाच आटोपलेला असतो. आणि घरची गृहिणी ओट्याशी उभी राहून, कढईच्या तळाशी उरलेली भाजी पोळीच्या तुकड्याने पुसून घेत असते. तिने ताट घेतलेले नसते. घ्यावे असे तिला वाटतही नाही; कारण ताट घेतले म्हणजे ते पुन्हा घासणे आले! "तू जेवलीस का?" असे कोणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले: "हो, माझं झालं." हे उत्तर खरे की खोटे, याची शहानिशा आपल्या घरांतून सहसा होत नाही.

मागे एकदा आरोग्यशास्त्राच्या तासाला आम्ही वर्गात सहज प्रश्न केला, "काल रात्री तुमची आई काय जेवली?" आदल्या दिवशीच्या क्रिकेटच्या सामन्यातील षटकानुषटकांचा हिशेब ज्यांना तोंडपाठ, असे आमचे विद्यार्थी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. "आम्ही जेवलो तेच," असे एकाने सांगितले. "केव्हा?" "आमच्यानंतर." "किती?" या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. आम्ही तो विषय तेथेच सोडला. पण आम्हांस स्वतःलाच जेव्हा तो प्रश्न विचारला, तेव्हा आम्हीही निरुत्तर झालो, हे येथे कबूल केले पाहिजे.

या प्रश्नाची निकड आम्हांस का वाटावी, ते सांगतो. मन उदास झाले म्हणजे अन्नावरची वासना उडते, हे आपल्या भाषेलाही ठाऊक आहे. "घास गिळवत नाही", "जेवण गोड लागत नाही", असे आपण दुःखाच्या प्रसंगी म्हणतोच. परंतु वैद्यक ज्याला नैराश्याचा विकार म्हणते आणि व्यवहारात ज्याला हल्ली सर्रास 'डिप्रेशन' म्हणतात, तो चार दिवसांच्या दुःखाहून निराळा आहे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन खिन्न राहते, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरत नाही, झोप बिघडते, थकवा येतो, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते, आणि खाण्याची घडी विस्कटते. कोणाची भूक मरते, तर कोणी उलट अवेळी आणि गरजेहून फार अधिक खाऊ लागते. दुपारी घरातील सर्व मंडळी बाहेर असताना फरसाणाचा डबा रिकामा करणारी स्त्री आणि चहावर दिवस काढणारी स्त्री, या दोघींचे दुखणे एकच असू शकते. पहिलीला आपण हावरट म्हणतो आणि दुसरीला सोशीक. दोन्ही विशेषणे चुकीची.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दीडपट आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यांत आपला मध्य प्रदेशही होता. दर वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा विकार होतो आणि तो झालेल्या शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांना उपचार मिळत नाहीत, असे त्यात दिसून आले. उपचार न मिळण्याचे एक कारण दवाखान्यांची टंचाई हे खरेच. पण आमच्या समजुतीप्रमाणे दुसरे कारण घरातच आहे. विकार असल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही. आणि ज्या खुणेवरून तो सर्वांत आधी लक्षात यावा, ती खूण म्हणजे ताट, नेमकी ते ताटच आपण कधी पाहिलेले नसते.

ते झाकण्याची सोयही आपल्याकडे भरपूर आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी! व्रतवैकल्यांचा आम्ही अनादर करीत नाही. श्रद्धेने केलेला उपवास मनाला उभारी देतो, हे आम्ही आमच्या घरीच पाहिले आहे. ('एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण साबूदाण्याच्या खिचडीवर ताव मारणाऱ्या आम्हां पुरुषमंडळींसाठीच झाली असावी.) परंतु जिला जेवण नकोसे झाले आहे, तिला उपवासासारखा दुसरा आडोसा नाही. आठवड्यात एक उपवास होता, त्याचे दोन झाले, दोहोंचे तीन झाले, तर घरातील लोक तिच्या भक्तीचे कौतुक करतात. हा उपवास देवासाठी आहे की जेवणाच्या कंटाळ्याने आहे, हे विचारण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

आणि ताट व मन यांचा संबंध आपल्या समाजाला अगदीच अपरिचित होता, असेही नाही. तो पुरता ठाऊक होता. फक्त त्याचा उपयोग उलट्या दिशेने केला गेला. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय हिंदू विधवेची जी दिनचर्या वर्णिली आहे, तिच्यात चोवीस तासांतून एकदाच जेवण्याचा नियम आहे. त्याशिवाय उपवास वेगळे, सणासमारंभांतून दूर राहणे वेगळे. हा नियम आरोग्यासाठी खासच नव्हता. त्या स्त्रीचे मन पुन्हा उमलू नये, तिला कशाचीही गोडी वाटू नये, यासाठी तिच्या जिभेची गोडी आधी काढून घेण्यात आली, असेच आम्हांस वाटते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. तेथे त्यांना शिक्षण मिळाले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पंगतीत इतर मुलींबरोबर बसून जेवण मिळणे, ही त्या काळी किती मोठी गोष्ट असेल, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

कोणी म्हणेल की, मन आधी खचते आणि जेवण मागाहून सुटते. तेव्हा जेवणाकडे पाहून काय उपयोग? या शंकेला उत्तर देणारा एक प्रयोग अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली झाला. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे समजून घेण्यासाठी अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. ते सर्व पुरुष होते, स्वेच्छेने आलेले होते, शरीराने धडधाकट व मनाने निरोगी असे पारखून घेतलेले होते. चोवीस आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, हे तर अपेक्षितच होते. परंतु ते तरुण चिडखोर झाले, खिन्न झाले, एकलकोंडे झाले. हसणे-खेळणे त्यांना नकोसे झाले. कित्येक जण पाककृतींची पुस्तके वाचीत बसत आणि थाळ्या चाटूनपुसून स्वच्छ करीत. यांतील कोणालाही घरात जाच नव्हता, कोणाचे कोणी वारले नव्हते. केवळ अन्न कमी झाले आणि मन खाली आले. पुरेसे अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही ते मन लगेच पूर्वीसारखे झाले नाही. कीज व त्यांच्या सहकाऱ्यांचा उपासमारीवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९५० साली निघाला, त्यात ही सर्व हकीकत आहे. धडधाकट पुरुषांची सहा महिन्यांत ही अवस्था होत असेल, तर वर्षानुवर्षे 'उरले तर' जेवणाऱ्या स्त्रीच्या मनाचे काय होत असेल?

म्हणजे येथे रहाटगाडगे आहे. मन खचले की जेवण घटते आणि जेवण घटले की मन अधिक खचते. कोठून सुरुवात झाली, ते पुढे ओळखूही येत नाही.

या रहाटगाडग्याचे आपल्याजवळचे उदाहरण गोव्याचे आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गर्भवती स्त्रियांचा मागोवा घेतला आणि २००२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिले, तेव्हा शेकडा २३ माता नैराश्याने ग्रासलेल्या होत्या. त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झाल्या नव्हत्या. गरिबी आणि पतीशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणे होतीच. परंतु एक गोष्ट वाचताना आम्ही थबकलो. उपासमार आणि मारहाण यांचा मनावर होणारा परिणाम, झालेले मूल मुलगा की मुलगी यावरही अवलंबून होता. भूक तीच, घर तेच. पण मुलगी झाली, तर आईच्या वाट्याला येणारे दुःख अधिक! आणि हे दुःख आईपाशीच थांबले नाही. ज्या माता खिन्न होत्या, त्यांच्या बाळांचे वजन सहाव्या महिन्यात कमी असण्याची शक्यता बरीच अधिक होती, असे याच मंडळींनी पुढच्या वर्षी दाखवून दिले.

बाळंतिणीच्या खाण्याची काळजी घेण्यात आपण मराठी माणसे कोणाला हार जाणार नाही. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळंतशेपा, खसखशीची खीर! सव्वा महिना तिला ताट वाढून दिले जाते. ते हातात आणून दिले जाते. ती जेवली की नाही, हे कोणीतरी पाहते. आमच्या आज्यांनी यात फार शहाणपणा दाखविला, असे आम्हांस वाटते. दुर्दैव एवढेच की सव्वा महिना संपला म्हणजे हे लाडही संपतात आणि ती पुन्हा ओट्याशी उभी राहते. आणि त्या सव्वा महिन्यातही तिच्या पोटाची विचारपूस होते, तिच्या मनाची होत नाही. बाळंतीण रडते, ती दृष्ट लागल्यामुळे, असे समजून मीठमोहऱ्या ओवाळणारी घरे आम्हांस भोपाळातही ठाऊक आहेत.

आता आपल्या वसाहतीकडे वळू. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि भोपाळ राजधानी झाली, तेव्हा नागपूरहून अनेक मराठी कर्मचारी कुटुंबे येथे आली. पुढे काहींनी अरेरा कॉलोनीत घरे बांधली. फाटक, अंगण, आंब्याचे झाड, सारे काही. ही घरे भरलेली होती, तोवर प्रश्न नव्हता. आता मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात. घरात दोघे, आणि कित्येक घरांत एकटीच. नागपूरच्या वाड्यात शेजारीण सरळ स्वयंपाकघरात येऊन "आज काय केलंत?" असे विचारी. येथे फाटकाची घंटा वाजविल्यावाचून कोणी आत येत नाही आणि आलेला पाहुणा दिवाणखान्यातून परत जातो. एकटीसाठी कुकर कोण लावणार? मग सकाळी चहा-टोस्ट, दुपारी कालची पोळी दुधात कुसकरून, रात्री पुन्हा चहा. पूर्वी बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारातून दोन पिशव्या भरून आणणाऱ्या बाई आता भाजीला जात नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. गुडघे दुखत असतीलही. परंतु त्यांची पिशवी केव्हापासून रिकामी झाली, हे पुण्याच्या मुलाला दूरध्वनीवरून कसे कळावे? तो रोज विचारतो, "आई, जेवलीस का?" ती रोज सांगते, "हो." येथे दारिद्र्य नाही. धान्याचे डबे भरलेले आहेत. तरीही अन्न पोटात जात नाही.

यात शरीराचाही भाग असतो, तो विसरून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत शेकडा ५७ जणींना पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, आढळला. मध्य प्रदेशात हे प्रमाण सुमारे ५५ होते आणि महाराष्ट्रातही जवळजवळ तेवढेच. याच वयाच्या पुरुषांत ते देशभरात शेकडा २५ होते. एकाच घरात, एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्यांत एवढी तफावत! मासिक पाळी व बाळंतपणे हे तिचे एक कारण आहे. कोण कधी व काय जेवते, हे दुसरे. रक्त कमी झाले की दम लागतो, कामाचा उत्साह राहत नाही, लक्ष लागत नाही. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा थायरॉइडच्या ग्रंथीचे काम मंदावले, तरी असेच होते. पहिले शाकाहारी घरांत पुष्कळदा घडते. तेव्हा उदास दिसणाऱ्या स्त्रीचे रक्त एकदा तपासून घ्यावे, हे उत्तम. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही आणि वरणभातावर पिळलेले लिंबू ते अंगी लागण्यास मदत करते, एवढी साधी गोष्ट तरी प्रत्येक घराला ठाऊक असावी.

मग चांगले अन्न दिले म्हणजे विकार बरा होतो काय? ऑस्ट्रेलियातील फेलिस जॅका यांनी हा प्रश्न २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात थेट विचारला. नैराश्य असलेले ६७ जण. त्यांतील काहींना बारा आठवडे आहारतज्ज्ञांकडून भाज्या, फळे, कडधान्ये, मासे, दाणे असा आहार घेण्यास साहाय्य. बाकीच्यांना त्याच वेळात केवळ गप्पागोष्टींची सोबत. पहिल्या गटात जवळजवळ एकतृतीयांश लोक विकारातून बाहेर आले, दुसऱ्यात शेकडा आठ. हा निकाल आशादायक खराच. परंतु माणसे थोडी होती, आणि आपल्याला कोणता उपाय मिळतो आहे हे त्या माणसांना कळत होते. शिवाय यांतील बहुतेकांचे इतर उपचार चालूच होते. म्हणून पालकाची भाजी ही औषधाची जागा घेईल, असे जे कोणी छातीठोकपणे सांगतात, त्यांच्यावर आमचा विश्वास नाही. अन्न हा आधार आहे. आधारावाचून उपचार डळमळतो, एवढेच आम्ही म्हणू.

शाळेतील मुलींनाही येथे दोन शब्द सांगावेसे वाटतात, कारण मागाहून जेवण्याची सवय आईकडून लागते आणि न जेवण्याची सवय आरशाकडून. बारीक होण्याच्या खुळापायी डबा तसाच परत नेणाऱ्या मुली आमच्या वर्गांतही आहेत. चौथ्या तासाला त्यांचे डोके दुखते, पाचव्याला डोळ्यांत पाणी येते, आणि कारण विचारले तर त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. मिनेसोटाच्या त्या तरुणांची हकीकत अशा मुलींनी पुन्हा एकदा वाचावी.

उदास स्त्रीला आपण काय सांगतो? "मन खंबीर ठेव", "तुला कमी काय आहे?", "दोन घास खाऊन घे म्हणजे बरं वाटेल." पहिली दोन वाक्ये निरुपयोगी आहेत, किंबहुना क्रूर आहेत. तिसरे बरे आहे. पण ते सांगून उठून जाणाऱ्याने म्हटले तर तेही व्यर्थ. तिच्याबरोबर ताट घेऊन बसावे लागते. आणि त्यानेही भागले नाही, तर उपचार घ्यावे लागतात. ते घेण्यात लाज कसली? गोव्यातील दहा आरोग्यकेंद्रांत एक उपचारपद्धती तपासली गेली. तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. नैराश्याने आजारी असलेल्यांशी, आणि त्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ वेळा बसून बोलावे. सुटलेली कामे, सुटलेल्या भेटीगाठी, आवडीच्या गोष्टी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करून द्याव्यात. तीन महिन्यांनी असा उपचार मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ जण सावरले. तो न मिळालेल्यांत शेकडा ३९. आपल्या शेजारच्या सीहोर जिल्ह्यातही आरोग्यकेंद्रांतून व आशा कार्यकर्त्यांकरवी नैराश्यावर उपचार पोहोचविण्याचे प्रयत्न गेल्या दशकात झाले आहेत. सीहोरच्या खेड्यातील बाई आशाताईजवळ मन मोकळे करू शकते आणि अरेरा कॉलोनीतील बाईला मात्र 'लोक काय म्हणतील' याची धास्ती वाटते, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. धास्ती वाटत असेल, तर सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. रात्रंदिवस, विनामूल्य, नाव सांगावेच लागते असे नाही.

त्या तासानंतर आठवड्याने आम्ही वर्गात तोच प्रश्न पुन्हा केला. या वेळी उत्तरे आली. एकाच्या आईने बरोबर बसायला साफ नकार दिला होता, "मग गरम पोळ्या कोण वाढणार?" म्हणून. दुसऱ्याच्या घरी वडिलांनी पोळ्या लाटायला घेतल्या; त्या इतक्या वेड्यावाकड्या झाल्या की आजी देखील हसल्या, आणि आईने त्यांतल्या दोन खाल्ल्या. वर्गात बराच हशा पिकला. फळ्यावर आम्ही वरील क्रमांक लिहून ठेवला होता. तास संपल्यावर सर्व मुले बाहेर गेली. एक मुलगी मात्र मागे राहिली आणि फळा पुसण्याच्या आधी तिने तो क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेतला. आम्ही तिला काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तीच आमच्याकडे आली.